आतड्याचा आजार आणि तपासणी कानाची: न्यूरल क्रेस्ट, प्लॅकोड आणि एक पांढरी बट

प्रश्न थोडक्यात असा. बाळ दीड महिन्याचं आहे. जन्मल्यावर दोन दिवस शी झाली नाही, पोट फुगलं, हिरव्या उलट्या झाल्या. बायोप्सीत हर्शस्प्रुंगचा आजार (आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसणं) निघाला आणि सध्या पोटावर स्टोमा, म्हणजे शीसाठी तात्पुरती वाट करून दिली आहे. बाळाच्या कपाळावर जन्मापासून केसांची एक पांढरी बट आहे आणि डावा डोळा निळा आहे. सर्जननी आता बेरा टेस्ट (ऐकू येतं का ते पाहणारी तपासणी) करायला, डोळे दाखवायला आणि जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटायला सांगितलंय. घरचे म्हणतात, दुखणं पोटाचं, मग कानाच्या तपासण्या कशाला? बाळाच्या वडिलांना जाणून घ्यायचंय की आतडं, केस, डोळा आणि कान यांचा एकमेकांशी खरोखर काही संबंध असतो का.

असतो, आणि तो इतका थेट आहे की सर्जननी कान तपासायला सांगितलं नसतं तर मला काळजी वाटली असती. मी बालशल्यचिकित्सक आहे. हर्शस्प्रुंगची मुलं वर्षानुवर्षं ऑपरेट करत आलोय. ओपीडीच्या गर्दीत हे सगळं समजावून सांगायला पुरेसा वेळ कधीच मिळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. बेराची तारीख मात्र आजच घ्या, त्यासाठी उत्तर वाचून संपायची वाट पाहू नका.

शरीराकडे आपण अवयवांच्या हिशेबाने पाहतो. आतड्याला एक डॉक्टर, कानाला दुसरा, त्वचेला तिसरा. भ्रूणात ही खाती अजून पडलेली नसतात. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात भ्रूण म्हणजे जेमतेम एक-दोन मिलिमीटरची चपटी तबकडी असते. तिच्या पाठीवरचा मधला पट्टा जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना भेटतात आणि एक नळी तयार होते. ही न्यूरल ट्यूब. मेंदू आणि मज्जारज्जू हिच्यातून घडतात, आणि साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती दोन्ही टोकांना मिटलेली असते. नळीच्या आत भावी चेतासंस्था, नळीच्या बाहेर भावी त्वचा. या दोघींच्या शिवेवर ज्या पेशी उरतात, त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात.

या पेशींचं वैशिष्ट्य असं, की त्या जन्मल्या जागी थांबत नाहीत. शेजारच्या पेशींना घट्ट धरून ठेवणारी कॅडहेरिन नावाची प्रथिनं त्या बदलतात, खालचा पातळ पडदा ओलांडतात आणि सुट्या होऊन चालू लागतात. कुठून निघाल्या आणि वाटेत कोणते संकेत मिळाले यावर त्यांचं पुढे काय होणार हे ठरतं. डोक्याच्या भागातून निघालेल्या पेशी चेहऱ्याची हाडं, कूर्चा आणि दातातलं डेंटिन बनवतात. धडाच्या भागातल्या पेशींपासून पाठीच्या कण्याशेजारच्या संवेदी चेतापेशी, सिम्पथेटिक चेतापेशी आणि ॲड्रिनल ग्रंथीचा गाभा होतो. नसांवर वेष्टण चढवणाऱ्या श्वान पेशी त्यांच्याच, त्वचेला आणि केसांना रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी त्यांच्याच, आणि आतड्याच्या भिंतीत असलेलं चेतापेशींचं संपूर्ण जाळंही त्यांचंच. तुमच्या बाळाच्या बाबतीत यातल्या शेवटच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या.

हे माणसाला कळलं कसं, ते सांगायचा मोह मला आवरत नाही. विल्हेल्म हिस या स्विस शरीरशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ट्यूब आणि त्वचा यांच्यामधला पेशींचा हा पट्टा पहिल्यांदा दाखवला. पुढे १८९३ मध्ये ज्युलिया प्लॅट या अमेरिकन संशोधिकेने मडपपी या उभयचर प्राण्याची भ्रूणं तपासून लिहिलं, की डोक्यातल्या काही कूर्चा आणि दातांचं डेंटिन भ्रूणाच्या बाह्यस्तरातून येतं. हाडं आणि कूर्चा फक्त मध्यस्तरातून येतात, हा त्या काळी जवळजवळ अटळ नियम मानला जायचा. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पीएचडी मिळवूनही विद्यापीठात जागा मिळाली नाही. त्या कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह या गावी स्थायिक झाल्या आणि १९३१ मध्ये तिथल्या महापौर झाल्या. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, आणि आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी ते पहिल्या वर्षी शिकतो. विद्यार्थ्यांना त्यांचं नाव मात्र क्वचितच सांगितलं जातं, आणि मला ते खटकतं.

निर्णायक पुरावा आला तो फ्रान्समधून. निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये एक साधी पण विलक्षण गोष्ट हेरली: बटेर पक्ष्याच्या पेशीच्या केंद्रकात डीएनए एका जागी दाट गोळा होऊन बसलेला असतो, कोंबडीच्या पेशीत तो विखुरलेला असतो. फ्यूल्गेनचा, म्हणजे डीएनए रंगवणारा, रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली ही बटेरची पेशी आणि ही कोंबडीची, हे प्रत्येक पेशीगणिक सांगता येतं. मग त्यांनी अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून कोंबडीच्या भ्रूणातला न्यूरल क्रेस्टचा एक तुकडा काढला आणि तिथे बटेरचा तेवढाच तुकडा बसवला. काही दिवसांनी बटेरच्या पेशी कुठे कुठे जाऊन बसल्या ते पाहिलं. मानेजवळच्या, पहिल्या ते सातव्या कायखंडासमोरच्या (कायखंड म्हणजे भ्रूणाच्या पाठीवर ओळीने असलेले पेशींचे ठोकळे) पेशी थेट आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचल्या होत्या. अठ्ठाविसाव्या कायखंडाच्या मागून निघालेल्या पेशींनी आतड्याच्या फक्त शेवटच्या भागात थोडी भर घातली होती. याहून बोलका प्रयोग पुढचा आहे. ॲड्रिनल ग्रंथीसाठी ठरलेल्या पेशी मानेच्या जागी बसवल्या, तर त्या आतड्यात शिरल्या आणि आतड्याच्या चेतापेशी झाल्या. पेशीचं नशीब जन्मजागेइतकंच वाटेवरही ठरतं, हे त्यातून दिसलं.

आता आतड्याकडे येतो, कारण तुमच्या बाळाचं मूळ दुखणं तिथे आहे.

माणसाच्या भ्रूणात या पेशी चौथ्या आठवड्यात अन्ननलिकेच्या सुरुवातीला आतड्यात शिरतात आणि सातव्या आठवड्यापर्यंत गुदाशयाच्या टोकाशी पोहोचतात. सगळ्या भ्रूणात पेशींचा एवढा लांबचा प्रवास दुसरा नाही. त्यातही त्या चालत असताना आतडं स्वतः लांब होत असतं. म्हणजे नुसतं चालून भागत नाही, वाटभर विभाजन करत संख्या वाढवावी लागते. मागून येणाऱ्या पेशींची गर्दी पुढच्यांना रेटते, आणि रेटा कमी पडला की आघाडी थांबते.

आपल्याकडे कालव्याच्या टेलला ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी कमी सोडलं तर मुखाजवळची शेतं भिजतात, कोरडी राहतात ती नेहमी टेलची. हर्शस्प्रुंगमध्ये नेमकं हेच होतं. चेतापेशी नसलेला भाग सदैव गुदद्वाराकडून सुरू होतो आणि वरच्या दिशेने कमी-जास्त लांब असतो. दर पाचातल्या चार मुलांत तो गुदाशय आणि सिग्मॉइडपुरता (गुदाशयाच्या लगेच वरचा मोठ्या आतड्याचा भाग) असतो, काहींत मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागात, आणि फार थोड्यांत पूर्ण मोठ्या आतड्यात. हा आजार साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला होतो. मुलांमध्ये तो मुलींच्या सुमारे चौपट दिसतो.

चेतापेशी नसलेलं आतडं सैल होऊ शकत नाही. अन्न पुढे ढकलायचं तर पुढचा भाग ढिला व्हावा लागतो, आणि ढिलं होण्याची आज्ञा देणाऱ्या पेशीच तिथे नाहीत. म्हणून तो भाग आवळलेला राहतो आणि त्याच्या वरचं निरोगी आतडं फुगत जातं. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिनला दोन मुलांचं वर्णन केलं तेव्हा डोळ्यांत भरलं ते हे फुगलेलं आतडं. त्यानंतर कित्येक वर्षं शल्यचिकित्सक फुगलेला भाग काढत राहिले आणि मुलं बरी होत नव्हती. दोष खालच्या अरुंद, दिसायला बऱ्यापैकी धड वाटणाऱ्या भागात आहे, हे ऑर्व्हर स्वेन्सन यांनी बॉस्टनमध्ये ओळखलं. १९४८ मध्ये त्यांनी तो भाग काढून वरचं निरोगी आतडं गुदद्वारापाशी आणून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज आपण ज्याला पुल-थ्रू म्हणतो, तुमच्या बाळाचं पुढे जे ऑपरेशन होईल, त्याचं मूळ तिथे आहे.

ऑपरेशनच्या वेळी आम्ही आतड्याच्या भिंतीचे छोटे तुकडे काढून लगेच पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो आणि उत्तराची वाट पाहत टेबलाशी थांबतो. त्यांना काय शोधायचं असतं ते सांगतो. स्नायूंचे दोन थर असतात, आतला गोल आणि बाहेरचा उभा. त्या दोन थरांच्या फटीत ठरावीक अंतरावर मोठ्या, फिकट जांभळ्या पेशींचे पुंजके दिसायला हवेत. प्रत्येक पेशीत गोल केंद्रक आणि त्यात ठळक ठिपका. हे पुंजके दिसले की कळतं, इथपर्यंत क्रेस्टच्या पेशी पोहोचल्या होत्या. जिथे त्या पोहोचल्या नाहीत, तिथे फटीत पुंजक्यांऐवजी जाडजूड नसांचे दोर दिसतात. ते दोर बाहेरून आलेले असतात आणि त्यांना आज्ञा द्यायला आत कुणीच भेटलेलं नसतं. फोनवर ‘गँग्लिऑन सेल्स (म्हणजे याच चेतापेशी) दिसतायत’ हे शब्द ऐकले की पुढचं ऑपरेशन सुरू होतं.

पेशी कमी का पडतात? १९९४ मध्ये दोन मोठी उत्तरं मिळाली. एक रेट नावाचं जनुक. आतड्याची भिंत जीडीएनएफ हे प्रथिन सोडते, पेशींच्या पृष्ठभागावरचा रेट ग्राहक ते ओळखतो, आणि त्या संकेतावर पेशी जगतात, वाढतात, पुढे सरकतात. हर्शस्प्रुंगमध्ये सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो याच जनुकात. दुसरं ईडीएनआरबी. हा एंडोथेलिन-३ या संकेताचा ग्राहक आहे. त्याचं काम पेशींना वाटेत लवकर प्रौढ होऊ न देणं. पेशी अर्ध्या वाटेवर चेतापेशी बनून बसली की तिचं चालणं थांबतं. एंडोथेलिन तिला तरुण ठेवतं, म्हणजे ती चालत आणि विभागत राहते. अमेरिकेतल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या समाजातल्या मोठ्या कुटुंबांचा अभ्यास करून अरविंद चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी हे जनुक हुडकलं.

इथेच तुमच्या बाळाच्या पांढऱ्या बटेचा धागा लागतो. एंडोथेलिनचा हाच ग्राहक रंगपेशी बनणाऱ्या क्रेस्ट पेशींनाही लागतो. त्या पाठीकडून निघून त्वचेखालून पुढच्या बाजूला पसरतात. संख्या अपुरी पडली तर केसांच्या मुळाशी रंग भरायला कुणी नसतं आणि तिथे पांढरी बट येते, बहुतेकदा कपाळावर मधोमध. डोळ्याचंही तसंच. बुबुळाच्या पुढच्या थरातल्या रंगपेशी क्रेस्टच्या असतात. त्या नसल्या की त्या थरातून विखुरलेला प्रकाश निळा दिसतो, तिथे निळा रंग म्हणून काही नसतो. मात्र डोळ्याच्या मागच्या पडद्यामागचा काळा थर क्रेस्टमधून येत नाही, तो मेंदूच्याच एका फुगवट्यातून येतो. म्हणून निळ्या डोळ्याची नजर बहुधा उत्तम असते. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि रिपोर्ट चांगला येईल अशी अपेक्षा ठेवून जा.

आता कान. कानात क्रेस्ट एकटी नसते. तिथे भ्रूणातली आणखी एक पेशीवस्ती येते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

डोक्याच्या भागात शिवेच्या थोडं बाहेर, भावी त्वचेच्या बाजूला, नालाच्या आकाराचा एक पट्टा असतो. सिक्स-१ आणि इया-१ ही जनुकं तिथे चालू झालेली असतात. हा पट्टा पुढे तुटून त्वचेवर जाडसर ठिपके बनतात, त्यांना प्लॅकोड म्हणतात. एकातून नाकातला वास घेणारा पडदा होतो, एकातून डोळ्याचं भिंग, एकातून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा पुढचा भाग. काहींतून चेहऱ्याची स्पर्शसंवेदना, जिभेची चव आणि हृदय-फुप्फुस-पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना वाहणाऱ्या चेतापेशी निघतात. चेहऱ्यावरच्या पाचव्या नसेचं गँग्लिऑन, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, तर क्रेस्ट आणि प्लॅकोड दोघांनी मिळून बनवलेलं असतं. मानेखाली प्लॅकोड नसतातच. धडातल्या संवेदी चेतापेशी सगळ्या क्रेस्टच्या. डोक्याचं गणितच वेगळं आहे आणि माझ्या मते भ्रूणशास्त्रातला तो सर्वांत सुंदर भाग आहे. कार्ल गॅन्स आणि ग्लेन नॉर्थकट यांनी १९८३ मध्ये मांडलं, की क्रेस्ट आणि प्लॅकोड यांच्यामुळेच पृष्ठवंशी प्राण्यांना नवं डोकं मिळालं: जबडे, जोडीची ज्ञानेंद्रियं, शिकार शोधून पकडण्याची क्षमता.

या दोन वस्त्या एकमेकींशी बोलतात, हेही दिसलंय. रोबेर्तो मायोर यांच्या लंडनमधल्या गटाने २०१३ मध्ये बेडकाच्या आणि झेब्राफिशच्या भ्रूणांत दाखवलं, की प्लॅकोडच्या पेशी एसडीएफ-१ हा संकेत सोडतात आणि क्रेस्टच्या पेशी त्या दिशेने धावतात. क्रेस्ट येऊन भिडली की प्लॅकोडच्या पेशी दूर सरकतात. पुन्हा संकेत, पुन्हा पाठलाग. अशा पाठशिवणीतून दोन्ही आपापल्या जागी पोहोचतात.

कानाचा प्लॅकोड बाविसाव्या दिवसाच्या आसपास डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसू लागतो. तो आत खचतो, बंद होतो आणि पिशवी बनते. आतला कान म्हणजे शंखाच्या आकाराचं कॉक्लिया, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका, आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि त्यांच्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणनसेच्या चेतापेशी, हे सगळं जवळजवळ या एका पिशवीतून घडतं. क्रेस्टच्या वाट्याला इथे तीन गोष्टी येतात: मधल्या कानातली हाडं (रिकिबीच्या तळाचा काही भाग सोडून), श्रवणनसेच्या चेतापेशींना जपणाऱ्या आधारपेशी, आणि कॉक्लियाच्या भिंतीत बसलेल्या रंगपेशी.

शेवटची गोष्ट तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कॉक्लियाच्या बाजूच्या भिंतीत स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस नावाची रक्तवाहिन्यांची पट्टी असते. तिच्या मधल्या थरातल्या पेशी म्हणजे क्रेस्टमधून आलेल्या मेलॅनोसाइट. त्या पोटॅशियमची अशी ने-आण करतात, की कॉक्लियाच्या आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकून राहतो. त्या दाबावर केसपेशी चालतात. या रंगपेशी तिथे पोहोचल्याच नाहीत तर दाब तयार होत नाही, केसपेशी बनूनही काम करू शकत नाहीत आणि हळूहळू मरतात. कान बाहेरून, अगदी सीटी स्कॅनमध्येही बहुधा छान दिसतो, पण ऐकू येत नाही.

एक शंका लगेच विचारली जाते: मग कोड असलेल्या किंवा अल्बिनो माणसांना ऐकू येत नाही का? अल्बिनो व्यक्तीत रंगपेशी जागेवर असतात, त्यांना फक्त रंग तयार करता येत नाही, म्हणून त्यांचं ऐकणं सहसा चांगलं असतं. कोड जन्मानंतर येतं, त्यात त्वचेतल्या रंगपेशी नष्ट होतात, आणि ते वेगळंच प्रकरण आहे. कानाला गरज पेशीची आहे, काळ्या रंगाची नाही. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं बहुधा बहिरी असतात हे डार्विननेही नोंदवलं होतं. कारण हेच.

पांढरी बट, वेगळ्या रंगाचे डोळे आणि बहिरेपणा एकत्र येण्याला वार्डेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. डच नेत्रतज्ज्ञ पेट्रस वार्डेनबर्ग यांनी १९५१ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्यात हर्शस्प्रुंगची भर पडली की तो चौथा प्रकार, वार्डेनबर्ग-शहा सिंड्रोम. यातलं ‘शहा’ हे नाव मुंबईचं आहे. के. एन. शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पांढरी बट आणि लांबवर पसरलेला हर्शस्प्रुंग असलेल्या १२ बाळांची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हा यातलं एकही जनुक माहीत नव्हतं. वॉर्डात बाळाचं कपाळ आणि पोट एकाच नजरेत पाहणाऱ्या डॉक्टरांनी केलेलं हे काम आहे, आणि मराठी मुलखातल्या आम्हा बालशल्यचिकित्सकांना त्याचा अभिमान वाटतो.

तुमच्या बाळाला हाच सिंड्रोम आहे असं मी इथून म्हणणार नाही. पांढरी बट पायबाल्डिझम नावाच्या वेगळ्या, किट जनुकाच्या अवस्थेतही असते आणि त्यात ऐकणं बहुधा ठीक असतं. पण बट, निळा डोळा आणि आतडं तिन्ही एका बाळात असताना कान न तपासणं चुकीचं ठरेल.

तपासणीबद्दल. ओएई ही छोटी टेस्ट बाहेरच्या केसपेशींची चौकशी करते, बेरा त्यापुढे नसेतून मेंदूच्या खोडापर्यंत आवाज पोहोचतो का ते पाहते. दोन्ही करून घ्या. दीड महिन्याचं बाळ दूध पिऊन झोपलं की बेरा औषधाशिवाय होते, हे लवकर करण्याचं आणखी एक कारण. जगभर पाळला जाणारा नियम असा, की पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. तुमचं बाळ ऑपरेशनमुळे थोडं मागे पडलंय, पण वेळ गेलेली नाही. जन्मजात बहिरेपणा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो, त्यामुळे जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.

आणि समजा ऐकू येत नाही असं निघालं, तरी धीर सोडू नका. यालाही भ्रूणशास्त्राचाच आधार आहे. दोष क्रेस्टच्या रंगपेशींत आहे, श्रवणनसेच्या चेतापेशी मात्र प्लॅकोडच्या आहेत आणि त्या बहुधा शाबूत असतात. कॉक्लिअर इम्प्लांट केसपेशींना वगळून थेट या चेतापेशींना संकेत देतं. म्हणून वार्डेनबर्गच्या मुलांना इम्प्लांटचा सहसा चांगला फायदा होतो, लवकर बसवलं तर बोलणंही चांगलं येतं. त्याआधी आतल्या कानाचा एमआरआय करतात, कारण काही जनुकांच्या दोषात अर्धवर्तुळाकार नलिकांची घडण बिघडलेली असते.

जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी तयार ठेवा. एक, दोन्ही घरांतल्या लोकांचे केस, डोळे, ऐकणं आणि बाळपणातली बद्धकोष्ठता यांची माहिती. कमी वयात पांढरे केस असलेले आजोबा, एका कानाने न ऐकणारी आत्या, सगळं सांगा. दोन, तुम्ही दोघं नात्यातले आहात का. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवीन नाही, आणि हा प्रश्न दोष द्यायला विचारत नाहीत. ईडीएनआरबी किंवा एंडोथेलिन-३ चा चौथा प्रकार बहुतेकदा दोन्ही बाजूंनी दोष आल्यावर होतो, मग पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असतो. सॉक्स-१० जनुकाचा दोष एका प्रतीनेच पुरतो, तो पुष्कळदा बाळातच नव्याने झालेला असतो, आणि मग तुमच्या पुढच्या बाळाला धोका खूप कमी. दोन उत्तरांत एवढा फरक असल्यामुळे तपासणी महत्त्वाची.

बाळाच्या आईला माझ्याकडून स्पष्ट सांगा, की यात तिचं काहीही चुकलेलं नाही. हे सगळं चौथ्या ते सातव्या आठवड्यात घडतं, पाळी चुकल्याचं नुकतं कळतं तेव्हा. ओठ फाटलेलं किंवा असं बाळ जन्मलं की ग्रहणात विळी हातात घेतली का, हे केलं का, ते खाल्लं का, असं आईला विचारत बसतात. चेहरा जुळवणाऱ्या क्रेस्टच्या पेशींना ग्रहण कळत नाही. हे बोलणं घरात थांबवायची जबाबदारी वडिलांची.

हृदयाबद्दलही विचारलं जाईल. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी अशी विभागण्याचं काम मानेजवळच्या क्रेस्ट पेशी करतात, हे मार्गारेट कर्बी यांनी १९८३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणांत दाखवलं. त्यामुळे एक इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला असावा. बहुतेक हॉस्पिटलांत ऑपरेशनपूर्वी होतोच.

घरी सर्वांत जास्त लक्ष मात्र पोटाकडे द्या. हर्शस्प्रुंगच्या मुलांना एंटेरोकोलायटिस हा आतड्याचा संसर्ग होतो, स्टोमा असताना आणि पुल-थ्रूनंतरही. ताप, अचानक फुगलेलं पोट, घाण वासाची पाण्यासारखी शी, मलूल बाळ, यातलं दिसलं तर रात्र उजाडायची वाट पाहू नका. नवीन डॉक्टर असले तर पहिल्या वाक्यात सांगा, ‘याला हर्शस्प्रुंग आहे’. साधा जुलाब समजून घरी पाठवल्यामुळे मुलं दगावलेली आहेत.

शेवटची नोंद फार पुढची आहे आणि ती फक्त सॉक्स-१० चा दोष निघाला तरच लागू. वयात येण्याची आज्ञा देणाऱ्या जीएनआरएच चेतापेशी नाकाच्या प्लॅकोडजवळ जन्मतात आणि वास घेणाऱ्या नसांच्या कडेकडेने मेंदूत जातात. त्या नसांभोवतीच्या आधारपेशी क्रेस्टच्या असतात आणि त्यांना सॉक्स-१० लागतं. आधारपेशी नसल्या तर त्या चेतापेशी वाटेतच अडकतात. अशा मुलांना वास येत नाही आणि वयात येणं लांबतं, ज्याला कालमन सिंड्रोम म्हणतात. उपचार हार्मोन देऊन होतात आणि ते चांगले आहेत. तेव्हा जनुकाचा रिपोर्ट बाळाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा, मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की त्याला वास येतो का ते बघा, आणि चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची खूण दिसली नाही तर तो रिपोर्ट घेऊन हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा.